मंडळापुढची तीन मिनिटं

शुक्रवार, १ मार्च
डायलिसिस केंद्र, खिडकीजवळची खुर्ची

एमरी,

चार वेळा फोन केला, चारही वेळा तू कापलास. म्हणून हा कागद. आईच्या पांघरुणाच्या पिशवीत ठेवतेय. शुक्रवारी तिच्याजवळ मी बसते, सोमवारी तू. म्हणजे टपालखर्च नाही आणि तुला "मिळालंच नाही" म्हणायची सोयही नाही. (आई, हे वाचू नकोस. वाचलंसच तर घडी नीट घाल.)

सरळ विचारते. आपली जमात आमचा रेसकोर्स विकत घेतेय का?

काल सकाळी माझ्या घोडीला, सेज हेनला, पळवून आणत होते, तेव्हा मागच्या वळणापाशी जमिनीत नारिंगी झेंड्या रोवलेल्या दिसल्या. तिथे एक माणूस तिकाटण्यावर यंत्र ठेवून डोळा लावून उभा होता, आणि त्याच्या अंगात आपल्या कॅसिनोचं निळं जाकीट होतं. पाठीवर मोठा सॅमन मासा. ते जाकीट मी दोन मैलांवरून ओळखेन, तू तीन हिवाळे तेच घालून फिरतोयस. मी घोडी वळवेपर्यंत तो गाडीत बसून निघूनही गेला.

हार्विलला विचारलं. रेसकोर्सचा मालक झाला तरी त्याला रोज सकाळी कँटीनमध्ये बसून आमचीच अंडी खायची असतात. तो म्हणाला, "व्हर्ना, मी काही बोलणार नाही. पण तुझ्या भावाला विचार की. तो काय तिथे बटाटे लावणार आहे?"

तू जमातीच्या कौन्सिलवर आहेस. कॅसिनोची बाजू राज्यापुढे मांडायचं काम तुझं. रेसकोर्सनं राज्याकडे तीनशे मशीन मागितली आहेत, आधी होऊन गेलेल्या शर्यती दाखवून त्यांवर पैसे लावायची. तुम्ही म्हणता, बटण दाबून खेळायचं मशीन ते मशीनच, आणि राज्याशी झालेल्या करारानुसार ते फक्त जमातीच्या जमिनीवर चालेल. आम्ही म्हणतो, मशीन आली नाहीत तर बक्षिसांना पैसा उरणार नाही आणि दोन वर्षांत इथे घोड्याची लीदसुद्धा दिसणार नाही. हे सगळं आपलं नाताळात आईच्या स्वयंपाकघरात ओरडून झालंय. मी तुला कॅसिनोचा पट्टेवाला म्हणाले, तू मला हार्विलच्या दावणीची म्हणालास. मी माझा शब्द मागे घेणार नाही. तू आधी घे.

पण जमीन मोजायला माणूस पाठवायचा आणि बहिणीला कळू द्यायचं नाही, हे नवीन आहे. माझे चौदा घोडे आहेत तिथे. मला अठ्ठावन्नावं चाललंय, आणि घोड्याशिवाय मला दुसरं काही येत नाही हे तुला माहीत आहे. रेसकोर्स गेला तर मी काय तुमच्या बुफेत तळलेला पाव वाढू?

सोमवारी उत्तर पिशवीत ठेव.

व्हर्ना

शुक्रवार, १५ मार्च
तीच खुर्ची

एमरी,

पत्राला उत्तर न देता तू मंगळवारी स्वतःच तबेल्यावर आलास. तू का आलास याचा मी तीन दिवस विचार करतेय. सगळं पुन्हा मांडते, म्हणजे खोट कुठे आहे ते सापडेल.

तू आलास, सेज हेनच्या कपाळावर हात ठेवलास, आणि म्हणालास, "ताई, कॉफी अजून डबक्यातल्या पाण्यासारखीच करतेस." मी म्हणाले, "पिऊ नकोस मग." तू प्यालास. मग विचारलंस, "तू एक नंबरच्या तबेल्यात कधी आलीस? मागे नऊ नंबरला होतीस ना, जिथे पाणी तुंबायचं?" मी म्हणाले, तबेले बदलतात, छप्पर गळत होतं. तुझ्या भुवया वर गेल्या त्या मी पाहिल्या. रेसकोर्सच्या दारासमोरचा तबेला मला मिळू नये असं काही जमातीच्या नियमात आहे का?

मग तू दार लोटून घेतलंस आणि बोलायला लागलास. "दहा वर्षं जमात बक्षिसांच्या निधीत पैसे घालेल. मालक हार्विलच राहील. आम्हाला हिस्सा नको, दारावर पाटी नको. त्यानं फक्त मशीनचा अर्ज मागे घ्यायचा आणि दहा वर्षं त्याच जमिनीवर शर्यती चालवीन असं लिहून द्यायचं."

"आणि झेंड्या?"

"कसल्या झेंड्या? ताई, आम्ही कुणाला मोजायला पाठवलेलं नाही. आईची शपथ."

"आईला यात आणू नकोस."

"बरं. पण हे जूनपर्यंत कुणाजवळ बोलू नकोस. कौन्सिलमध्ये मी अजून एकेकाला समजावतोय. अर्ध्या लोकांना रेसकोर्सला छदाम द्यायचा नाही. सभेतल्या सगळ्यांत थोरल्या लुएला मावशीला आत्ता कळलं तर ती मला उभा सोलेल."

आता माझं ऐक. विक्रीच्या शर्यतीत काय होतं ते तुला बाबांनी दाखवलंय. प्रत्येक घोड्यावर किंमत लावलेली असते, शर्यतीआधी कुणीही परवानेदारानं पेटीत चिठ्ठी टाकली की त्या किमतीला घोडा त्याचा. मग पळताना त्याचा पाय मोडला तरी तो त्याचाच. म्हणून चांगला घोडा अचानक निम्म्या किमतीला लावलेला दिसला की आम्ही चिठ्ठी लिहीत नाही. आम्ही त्याच्या पुढच्या पायाकडे बघतो. गुडघ्याखाली कुठेतरी गरम, म्हणजे आत दुखावलेलं, असणारच, त्याशिवाय कुणी असा घोडा स्वस्तात काढत नाही. तीस वर्षांत मी एकदाच असा घोडा घेतला आणि त्याला चार पावलंही नीट चालता येत नव्हतं.

तुझा प्रस्ताव असाच आहे. हिस्सा नको, पाटी नको, नुसते पैसे घ्या. असं कोण देतं? ज्या लोकांनी दोन वर्षं आमच्या अर्जाविरुद्ध वकील उभे केले, ते आता आम्हाला ओंजळीनं पाणी पाजणार?

गरम कुठे आहे ते मला सापडलं नाही असं मात्र समजू नकोस. जाताना दारात उभं राहून तू जे शेवटचं बोललास, ते. मी ते इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल.

आई विचारतेय, "कुणाला लिहितेस एवढं?" मी म्हटलं, राज्यपालांना. ती म्हणाली, "मग त्याला सांग, सोमवारी येताना हकलबेरीचा मुरंबा आण." तेव्हा आण.

व्हर्ना

शुक्रवार, ५ एप्रिल
तीच खुर्ची

एमरी,

या सोमवारी आईजवळ तुझ्याऐवजी तुझी बायको बसली होती, असं आईनं सांगितलं. तुला ताप आहे म्हणे. मला तापाचं कारण माहीत आहे.

मशीनच्या अर्जाच्या सुनावणीत मी राज्याच्या शर्यत मंडळापुढे बोलले ते मला बोलायचं होतं म्हणून. हार्विलच्या गाडीतून राजधानीला गेले हे खरं. त्यानं मुद्दे लिहून दिले होते हेही खरं, पण ते मी वाचले नाहीत, चष्माच नेला नव्हता. दारात एक कागद भरून घेतात, सही करायला लावतात, मग टेबलावरचा हिरवा दिवा लागतो आणि तुम्हाला तीन मिनिटं मिळतात. तीन मिनिटांत माणूस काय बोलणार? आपल्या सर्वसाधारण सभेत मावशीला नुसतं घसा साफ करायला तेवढी लागतात.

मी घोड्यांचं बोलले, बाबांचं बोलले. मग पिवळा दिवा लागला. समोर मंडळाचे ते पाच जण कागद चाळत होते, एकानंही मान वर केलेली नव्हती. आणि उजवीकडे तू तुमच्या वकिलाच्या कानात काहीतरी सांगून हसलास. कशावर हसलास? मला अजून सांगितलं नाहीस. मला वाटलं, माझ्यावर.

म्हणून मी म्हणाले, "ही जमात इथे एक बोलते आणि पाठीमागे दुसरं करते. माझा सख्खा भाऊ दोन आठवड्यांपूर्वी माझ्या तबेल्यात आला होता. दहा वर्षं बक्षिसांचे पैसे देतो, तोंड बंद ठेवा, असं सांगायला. एकीकडे जमीन मोजताहेत आणि एकीकडे आम्हाला गप्प बसवताहेत."

त्यावर पाचही माना वर आल्या. लाल दिवा लागला तरी मला कुणी थांबवलं नाही.

मला ठाऊक नव्हतं की मागे आपले चाळीस लोक बसलेत. खोटं कशाला बोलू, ठाऊक होतं. बस बाहेर उभी होती, मी पाहिली होती. लुएला मावशी उठली, शाल सारखी केली आणि दारापर्यंत जाताना तिनं आधी तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं, ती मला शिव्या घालेल. ती सरळ बाहेर निघून गेली.

तू मला बाहेर गाठून एवढंच विचारलंस, "तू सगळं का नाही सांगितलंस?" आणि उत्तराची वाट न पाहता बसमध्ये चढलास. सगळं म्हणजे काय? मी जे सांगितलं त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

झेंड्या आता मागच्या वळणापासून आमच्या तबेल्यापर्यंत आल्यात. आणि तरी तू म्हणतोस, तुमचा संबंध नाही. कसा विश्वास ठेवू?

हार्विलनं परतताना मला स्टेक खाऊ घातला. फार चांगला नव्हता.

व्हर्ना

शुक्रवार, २६ एप्रिल
केंद्राच्या बाहेर, गाडीत

एमरी,

आईनं आज मला खुर्चीत बसू दिलं नाही. "तुम्ही दोघं माझ्या पांघरुणातून भांडता, आणि गार मला लागतं," म्हणाली. मग परिचारिकेसमोर म्हणाली, "हे मशीन कुणाच्या पैशानं आलंय ते तरी माहीत आहे ना तुला?" मला माहीत आहे, कॅसिनोच्या. आधी तिला आठवड्यातून तीनदा सत्तर मैल जावं लागायचं आणि गाडी मीच चालवायचे. मी बाहेर येऊन बसले.

तुझ्याबद्दल जे ऐकतेय ते तिनंच सांगितलं. कौन्सिलनं तुला कॅसिनोच्या कामावरून काढलं. प्रस्ताव फाडून टाकला. आणि एक जूनला सर्वसाधारण सभेत तुला कौन्सिलवरूनच काढायचं की नाही यावर मतदान आहे. लोक म्हणताहेत, एमरीनं जमातीचा पैसा बहिणीच्या घोड्यांच्या तोंडात घालायचा घाट घातला होता. कुणाला न सांगता तिला आधी जाऊन सांगून आला, आणि तिलाही ते पोटात ठेवता आलं नाही.

हे वाचून तू हसणार नाहीस. आता पुढचं ऐक.

गेल्या बुधवारी मला तो मोजणीवाला सापडला. एक नंबरच्या तबेल्यामागे माझ्या चाऱ्याच्या गंजीत झेंडी खोचत होता. मी त्याच्या गाडीपुढे घोडी आडवी घातली.

म्हटलं, "जमातीला सांग, बाईला समोर येऊन सांगा."

तो म्हणाला, "कुठली जमात, बाई?"

"पाठीवर मासा घेऊन फिरतोस आणि मलाच विचारतोस?"

त्यानं मान वळवून स्वतःच्या पाठीकडे बघायचा प्रयत्न केला. "हे? बायकोला कॅसिनोच्या मंगळवारच्या सोडतीत मिळालं. गरम आहे चांगलं. मी गोदामवाल्यांकडून आलोय. इथे गोदामं होणार आहेत ना, सबंध."

मी कागद मागितला. त्यानं दाखवला, बिचाऱ्याला वाटलं मला माहीत असेल. खाली हार्विलची सही होती. तारीख जानेवारीची. एमरी, जानेवारीची. त्यानं जमीन विकायचं तेव्हाच ठरवलं होतं. मशीनचा परवाना मिळाला तर भाव वाढेल, एवढ्यासाठी तो अर्ज चालू होता. तुमचा प्रस्ताव कुठून तरी त्याच्या कानावर गेला असणार, आणि तो त्याला नकोच होता, कारण तुम्ही दहा वर्षं शर्यती चालवायचं लिहून मागत होता. आणि तो प्रस्ताव मारायला त्याला माझ्यासारखी कुणीतरी हवी होती, घोडेवाली आणि वर जमातीची.

मी हार्विलला कँटीनमध्ये गाठलं. अंडी खात होता. मी कागदाचं बोलले तेव्हा त्यानं पावानं ताटली पुसून घेतली आणि म्हणाला, "व्हर्ना, हा धंदा आहे. ऑगस्टपर्यंत तबेला वापर तू. मी शब्दाचा पक्का आहे." तिथे बसलेल्या सगळ्या घोडेवाल्यांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दारावर नोटीस लागली, ३१ ऑगस्टला शेवटची शर्यत.

तू खरं बोलत होतास. ज्या घोड्याचा पाय मी चाचपत बसले तो धडधाकट होता, आणि लंगडा मी स्वतःच्या पैशानं, नव्हे, तुझ्या जिवावर घरी आणला. मला वाईट वाटतं म्हणून लिहितेय असं समजू नकोस. मला राग आलाय, आणि पहिल्यांदाच तो तुझा नाही.

तुझी बायको म्हणते, तू पत्रं उघडतही नाहीस. आई म्हणते, उघडतोस.

व्हर्ना

मंगळवार, ७ मे
एक नंबरचा तबेला

एमरी,

हे पिशवीतून येणार नाही. पोचपावती घेऊन येईल, टपालवाला तुझी सही मागेल. दे.

तू मला राजधानीत विचारलं होतंस, सगळं का नाही सांगितलंस. आता सांगते. तू त्या मंगळवारी दारात उभा राहून म्हणालास, "ताई, एक अट माझी आहे. कौन्सिलची नाही, माझी. निधी सुरू झाला की पाच वर्षं तुझे घोडे त्या शर्यतींत धावणार नाहीत. तू दुसऱ्या राज्यात पळव, मी वाहतुकीचा बंदोबस्त बघतो. नाहीतर लोक म्हणतील, एमरीनं बहिणीचं घर भरलं. आणि मग प्रस्तावही जाईल आणि बाकीच्या दोनशे घोडेवाल्यांचं पोटही."

मी तेव्हा काय केलं आठवतं? कॉफी ओतून टाकली. कारण मला कळलं की तू सगळ्यांना वाचवायला निघालास आणि त्याचा पहिला खर्च माझ्या नावावर टाकलास, आणि ते योग्य होतं. योग्य होतं म्हणूनच मला सहन झालं नाही. पाच वर्षांनी मला त्रेसष्टावं चालू असेल. सेज हेन तर पाच वर्षं थांबत नाही. मला वाटलं, सख्खा भाऊ मला सोडून सगळ्यांचा विचार करतो. मग मी तुझ्यावर संशय घेण्यासारखं काही आहे का ते शोधत बसले, आणि शोधायला बसलं की सापडतंच.

मंडळापुढे मी ती अट गाळली. ती सांगितली असती तर चाळीस लोकांना तिथल्या तिथे कळलं असतं की तू स्वतःच्या बहिणीला दारातून बाहेर काढून मग दार उघडत होतास. मावशी उठून गेली नसती.

आणि दुसरं. एक नंबरचा तबेला मला छप्पर गळत होतं म्हणून मिळाला नाही. हार्विलनं दिला, आठ जागा फुकट, साक्ष देते म्हणाले त्याच आठवड्यात. तू भुवया उंचावल्यास तेव्हाच तुला कळलं होतं, तरी तू पुढे बोललास, माझ्यावर विश्वास ठेवून. दारात जो कागद भरून घेतात त्यावर लिहिलेलं असतं, "साक्षीसाठी मला कुणाकडून काहीही मिळालेलं नाही, मिळणार नाही." त्यावर माझी सही आहे. शपथेवर.

हे मंडळाला कळलं तर माझा घोडे पळवायचा परवाना जाईल. एका वर्षासाठी नाही, कायमचा. ऑगस्टनंतर शेजारच्या राज्यात जाऊन उरलेली वर्षं काढायचा माझा विचार होता, तिथल्या एका बाईनं सहा जागा देऊ केल्यात. परवान्याशिवाय मला तिथल्या फाटकातून चारा घेऊनही आत जाता येणार नाही.

मी दोन रात्री वेगळा रस्ता शोधला. फक्त अटीचं सांगावं आणि तबेल्याचं गाळावं, असंही लिहून पाहिलं. पण मग लोक म्हणतील, बहीण आहे, भावाला वाचवायला आता काहीही रचेल. आणि ते म्हणतील ते बरोबरच असेल, मी तेच केलं असतं. माझं स्वतःचं काही जात नसेल तर माझ्यावर कुणी का विश्वास ठेवावा? मी तर ठेवला नसता.

म्हणून या पत्राच्या तीन प्रती केल्यात, हातानं, सगळ्या सारख्या. एक तुला. एक लुएला मावशीला. एक मंडळाला. मंडळाची सगळ्यांत आधी टाकतेय, म्हणजे तुला ही मिळेल तेव्हा मला थांबवता येणार नाही. घोड्यांची व्यवस्था लागतेय. सेज हेनला त्या सहा जागावाल्या बाईकडे पाठवलं, काल सकाळी. ती गाडीत सरळ चढली, मागे वळून पाहिलं नाही. माझ्या हातानं पोसलेली, तरी अक्कल जास्त.

यातही माझा काही डाव असेल असं तुला वाटेल. वाटू दे. दोन महिने मी तुझ्यावर संशय घेतला, आता तुझी पाळी.

एक जूनला सभेत वयाप्रमाणे बोलतात. मावशीचा नंबर आधी, मग कधीतरी माझा, तुझा माझ्या नंतर. चारचौघांत जे बिघडवलं ते चारचौघांत उभं राहूनच मागे घ्यायचं असतं, आणि तिथे टेबलावर दिवा नसतो. मी पहिल्यापासून सांगणार आहे, कितीही वेळ लागो. आईला चाकांच्या खुर्चीत घेऊन मीच येईन. तुला माझ्याजवळ बसायला नको असेल तर मागे बस. फक्त मी बोलत असताना बाहेर जाऊ नकोस. गेलास तरी मी बोलेन, पण जाऊ नकोस.

तुझी ताई,
व्हर्ना